गंज पेठेतले दार

आमच्या शाळेची सहल एकदा पुण्यास गेली होती. शनिवारवाडा झाला, पर्वती झाली, आणि दिवस मावळण्यापूर्वी गंज पेठेतला फुले वाडाही दाखवावा म्हणून मी मुलांना घाईघाईने तिकडे नेले. तिथे त्यांना बसवून काशीबाईची हकीकत सांगितली. सातवीच्या मुलांना ती सांगावी की नाही, असा विचार मनात आला होता. पण या घरी येऊन ती गाळायची, म्हणजे देवळात जाऊन गाभारा चुकवायचा!

काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाला असे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायदा झाला कलकत्त्यास, आणि केशवपन चालू राहिले पुण्यास. एका विद्वान शास्त्रीबुवांची तिच्यावर नजर गेली. तिने आधी दाद दिली नाही. शेवटी ती बळी पडली. दिवस राहिले, तेव्हा शास्त्रीबुवांच्याच सांगण्यावरून तिने नाही नाही ती औषधे घेतली. ती लागू पडली नाहीत. नऊ महिने भरले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या भयाने त्या आईने आपल्या हाताने त्याचा जीव घेतला. प्रेत घरामागच्या विहिरीत सापडले. सेशन कोर्टाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग त्या शास्त्रीबुवांना किती वर्षांची शिक्षा झाली?"

वाचकहो, शिक्षकाला निरुत्तर करणारे प्रश्न नेहमी मागच्या रांगेतून येतात. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या निवेदनात ही हकीकत आहे. तीत शिक्षा आहे ती एकट्या काशीबाईला. 'वाकडे पाऊल पडले' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचारच पाहा ना. तो नेहमी बाईच्याच पायाला चिकटला. ज्या घरी दोन घासांसाठी राबायचे, त्याच घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाला 'नाही' म्हणायचे ते कोणाच्या बळावर? आज त्याला आपण अत्याचार म्हणतो. तेव्हा नाव होते ते फक्त बाईच्या बदनामीला. या मुलीचाच प्रश्न ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून साऱ्या समाजाला विचारला. तोही सुरतेच्या एका विधवेच्या अशाच खटल्यावरून.

खटला संपला आणि १८६३ साली जोतीरावांनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पदरी पैसा फार नव्हता. त्यांनी छापील जाहिराती काढल्या आणि जिथे ब्राह्मणवस्ती, तिथल्याच रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्या चिकटवल्या. विधवांनो, इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा. मूल न्यावे की ठेवावे ही तुमची मर्जी, असा त्यांचा आशय होता. मला यातले 'मर्जी' फार मोठे वाटते. ज्या बाईच्या मर्जीला जन्मात कोणी विचारले नव्हते, तिला पहिल्यांदा कोणी तरी म्हणत होते, की आता तू ठरव.

आत बाळंतिणीचे सारे करायला सावित्रीबाई होत्या. ज्या वस्तीतून त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला गेला होता, तिथल्याच लेकी आता रात्री-अपरात्री त्यांच्या दारी येत होत्या. कोणाची सासू बरोबर नाही, आई बरोबर नाही. बाळंतपणात बाईला हवे असते ते उशाशी बसलेले माणूस. ते माणूस इथे मिळाले.

१८८४ पर्यंत अशा पस्तीस जणी आल्या. मुले जगली किती? पाच! उरलेली तीस आईने आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी गेली, असे जोतीराव लिहितात. या दाराशी पोचण्याआधी त्या बायका किती दारांशी जाऊन आल्या असतील, ते हा आकडा सांगतो.

१८७४ साली आली तिचेही नाव काशीबाईच. तिलाही मुलगाच झाला. फुले दांपत्याला मूलबाळ नव्हते. त्यांनी तो दत्तक घेतला आणि यशवंत नाव ठेवले. पुढच्याच वर्षी पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताला वारस केले.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा हडपसरजवळ माळावर त्याचा दवाखाना होता, आणि सावित्रीबाई रोगी गोळा करून तिथे पोचवीत होत्या. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले. मूल वाचले. त्यांना मात्र प्लेगने गाठले, आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या घरात जन्मून जगलेल्या पाचांतलाच एक, त्या दिवसांत त्यांच्या शेजारी डॉक्टर म्हणून उभा होता.