जमीन चर्चची, घर आपलं : ख्रिसमसच्या गावात घर घेताना



थँक्सगिव्हिंग झालं की आपल्या ग्रुपवर दरवर्षी तेच दोन प्रश्न येतात. "मुलांना लाइट्स बघायला कुठे न्यायचं?" आणि "न्यू जर्सीत घर परवडत नाही, लीहाय व्हॅली कशी आहे?" दोन्हींचं उत्तर मी एकाच गावाच्या नावाने देते : बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया. यंदा म्हटलं नीट लिहूनच काढू. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. मी सीए, त्यामुळे सणाची गोष्ट सांगतानाही मला खातेवही दिसते, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो २०१९च्या डिसेंबरात. धाकटा सात वर्षांचा होता. मेन स्ट्रीटवर दर खिडकीत एक मेणबत्ती (आता विजेची), लीहाय नदीपलीकडच्या साउथ माउंटनवर दिव्यांचा भलामोठा तारा, आणि सेंट्रल मोरेव्हियन चर्चच्या शेजारी 'पुट्झ'. पुट्झ म्हणजे शेवाळं, दगड, लाकडी प्राणी, छोटी घरं मांडून केलेला येशूजन्माचा देखावा. अंधारात एकेका कोपऱ्यावर उजेड पडतो आणि कोणीतरी गोष्ट सांगतं. धाकटा मोठ्याने म्हणाला, "आई, हा तर किल्ला!" बरोबरच होतं त्याचं. आपण दिवाळीत अंगणात माती कालवून, आळीव पेरून, मावळे मांडतो ना, अगदी तसंच. फक्त सिंहासनाच्या जागी गोठा. पुण्याला आजीकडे एकदाच किल्ला केला होता त्याने, तो त्याला पेनसिल्व्हेनियात आठवला.

हे मोरेव्हियन लोक म्हणजे आजच्या चेक प्रदेशातून, मोरेव्हियातून निघालेला एक जुना प्रोटेस्टंट पंथ. छळामुळे जर्मनीत, काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर आश्रयाला आले आणि तिथून जगभर पांगले. १७४१ साली त्यांनी लीहाय नदीकाठी ५०० एकर जमीन विकत घेतली. त्याच वर्षीच्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, एका छपराखाली माणसं आणि गुरं अशा लाकडी घरात प्रार्थना चालू असताना गावाचं नाव ठरलं. म्हणजे गावाचा वाढदिवसच २४ डिसेंबर.

पण ही ५०० एकर कोणाकडून घेतली? विल्यम ॲलन नावाच्या फिलाडेल्फियाच्या बड्या व्यापाऱ्याकडून. आणि त्याच्याकडे ती आली कशी? इथे मी थांबते, कारण अमेरिकेतल्या घरखरेदीचा पहिला धडा इथेच आहे.

तो सगळा प्रदेश लेनापे लोकांचा. पेन घराण्याच्या मुलांनी १६८६चा म्हणून एक कागद पुढे केला : माणूस दीड दिवसात जेवढं चालेल तेवढी जमीन आमची. लेनापेंना वाटलं, माणूस चालणार, थांबणार, जेवणार. फार तर नदीकाठाने काही मैल. पेन मंडळींनी १७३७च्या सप्टेंबरात तीन दमदार गडी बक्षिसाच्या बोलीवर आणले, आधीच झाडं तोडून वाट मोकळी केली, आणि ते चालले नाहीत, जवळजवळ पळालेच. दोघे वाटेत गळाले, एकाने शेवट गाठला, सुमारे ६५ मैल. त्यावर रेषाही तिरकी मारली. लेनापेंच्या हातून बारा लाख एकरच्या आसपास जमीन गेली. इतिहासात याला 'वॉकिंग परचेस' म्हणतात. लेनापेंच्या वंशजांनी आपल्या काळात कोर्टात दावा लावला होता; २००६ साली फेडरल अपील कोर्टाने तो फेटाळला. फसवणूक झाली असली तरी त्या काळी पेन घराण्याचाच अधिकार होता, असा एकूण सूर.

मुलांना तारा दाखवताना हेही सांगा. मी सांगते. शाळेत त्यांना लेनापे हे नाव एका वर्कशीटपुरतं भेटतं.

आता मोरेव्हियन मंडळींचा संसार. १७४२ ते १७६२ ही वीस वर्षं सगळं गाव एका खात्यावर चाललं. पगार नाही, खाजगी धंदा नाही. सुतार, चांभार, कुंभार, कातडं कमावणारे, असे तीसेक उद्योग. मिळकत सगळी सामाईक, त्या बदल्यात अन्न, वस्त्र, निवारा. अविवाहित पुरुष एका इमारतीत, अविवाहित स्त्रिया दुसऱ्या, विधवा तिसऱ्या. मुलं जराशी मोठी झाली की सामाईक पाळणाघरात. (डेकेअरचं बिल भरताना मला हे आठवतं. पण रात्रीही मूल तिकडेच, हे वाचलं आणि पोटात कालवलं.) मुलींच्या शिक्षणात मात्र पुढे : झिंझेनडॉर्फ यांच्या सोळा वर्षांच्या मुलीने, बेनिग्नाने, १७४२ साली मुलींची शाळा सुरू केली, ती पुढे बेथलेहेमला आली. आजच्या मोरेव्हियन विद्यापीठाचं मूळ ते.

हा एकत्र कुटुंबाचा प्रयोग १७६२ला संपला. त्यामागे युरोपातल्या मूळ संस्थेवरचं डोंगराएवढं कर्ज होतं, आणि आपापला संसार हवा ही लोकांची इच्छाही. पण संपला तो फक्त सामाईक स्वयंपाक. जमीन चर्चचीच राहिली. घर तुम्ही बांधा, खालची जागा भाडेपट्ट्याने. घर विकायचं तर चर्चला मान्य असलेल्या माणसालाच, म्हणजे मोरेव्हियनलाच.

हे ऐकून नवी मुंबईची माणसं हसतील. सिडकोचा प्लॉट, घर आपलं, जमीन सिडकोची, विकताना परवानगी आणि ट्रान्सफरची फी! किंवा गिरगावातली पागडी, किंवा सातबाऱ्यावरचा तो 'भोगवटादार वर्ग २'. ताबा एकाचा, मालकी दुसऱ्याची, हा आपल्याला नवा प्रकार नाही. बेथलेहेममध्ये ही पद्धत १८४४ साली संपली, पुढच्या वर्षी गावाला बरोचा दर्जा मिळाला, आणि मग बाहेरच्यांना तिथे जमीन घेता येऊ लागली. शंभर वर्षं ख्रिसमसचं गाव होतं, पण दार आतून बंद होतं.

दार उघडलं ते लोखंडाने. नदीच्या दक्षिणेला भट्ट्या उभ्या राहिल्या आणि त्यातून बेथलेहेम स्टील झाली. गोल्डन गेट ब्रिजचं पोलाद याच कंपनीचं. हंगेरियन, स्लोव्हाक, पोर्तुगीज, मेक्सिकन, पोर्तो रिकन, सगळे दक्षिणेकडे येऊन राहिले. १९१७मध्ये उत्तर आणि दक्षिण मिळून एक शहर झालं, पण नदी होतीच मध्ये. गंमत बघा, शहराच्या सजावटीत उत्तरेला पांढरे दिवे आणि दक्षिणेला रंगीत, अशी रीत पडली. पाहुणे म्हणून बघताना छानच वाटतं. मला तरी त्यात कोण कुठे राहायचं ते दिसतं.

आणि 'ख्रिसमस सिटी' हे बिरुद? ते १७४१चं नाही, १९३७चं आहे. मंदीचे दिवस, दुकानं ओस. शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सने डिसेंबर १९३७मध्ये जाहीर केलं की आम्ही ख्रिसमस सिटी, यूएसए. डोंगरावरचा ताराही तेव्हाचाच. म्हणजे व्यापाऱ्यांनी गिऱ्हाईक आणण्यासाठी केलेली युक्ती. यात मला वाईट काही वाटत नाही. लक्ष्मीपूजनाला आपण चोपड्यांचीच पूजा करतो. १९९५ला बेथलेहेममध्ये शेवटचं लोखंड ओतलं गेलं, २००१ला कंपनी दिवाळखोरीत गेली, निवृत्त कामगारांचा आरोग्यविमा गेला, पेन्शन सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात पडलं. त्यानंतर गावाकडे विकायला उरलं ते हेच : ख्रिसमस, जुन्या इमारती, आणि २००९पासून भट्ट्यांच्या जागेवरचा कॅसिनो.

आता आमची फजिती सांगते. डिसेंबर २०२१. पुन्हा लाइट्स बघायला गेलो होतो. उत्तरेला एका गल्लीत जुनं विटांचं घर विक्रीला, खिडक्यांत मेणबत्त्या, पोर्चवर मोरेव्हियन तारा. (हा २६ टोकांचा कागदी तारा १८३०च्या दशकात जर्मनीतल्या एका मोरेव्हियन शाळेत भूमितीचा तास म्हणून जन्मला. आकाशकंदील ज्यांनी हाताने केलाय त्यांनी करून बघाच.) नवरा म्हणाला, "घेऊया." मी, जी क्लायंटला दहा वेळा विचार करायला लावते, ती पण म्हणाले, "घेऊया." नाताळाच्या आत ऑफर दिली, मान्यही झाली.

टायटल शोधताना निघालं की आधीची मालकीण वीस वर्षांपूर्वी वारली, वारस तीन भावंडं, आणि कागदावर सह्या दोनच. तिसरं भावंड कुठल्याशा दुसऱ्या राज्यात. आमचा रियल्टर म्हणे, "होऊन जाईल, मुदतवाढीवर सही करा." केली. दोनदा केली. फेब्रुवारीत घर पुन्हा बघायला गेलो. मेणबत्त्या उतरवलेल्या, तळघराच्या भिंतीला ओल, आणि दारासमोर बर्फ ढकलून ढीग केलेला, गाडी लावायला जागा नाही. एप्रिलमध्ये डिपॉझिट परत घेतलं आणि बाहेर पडलो. इन्स्पेक्शन आणि अप्रेझलचे पैसे बुडाले ते बुडाले. तोवर ३ टक्क्यांच्या घरातलं व्याज ५ झालं होतं. ३ लाख डॉलरच्या तीस वर्षांच्या कर्जावर हा फरक महिन्याला साधारण ३४५ डॉलर पडतो, तीस वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास. तिसरी सही नव्हती म्हणून.

म्हणून आता जे सांगते ते स्वतःच्या खिशातून शिकलेलं समजा.

टायटल इन्शुरन्स हा धंदाच पेनसिल्व्हेनियात जन्मला. १८६८ला एका खरेदीदाराने वकिलाच्या सल्ल्यावर विसंबून जमीन घेतली, ती बोज्याची निघाली, आणि कोर्टाने नुकसानभरपाई नाकारली. त्यानंतर १८७६मध्ये फिलाडेल्फियात पहिली टायटल विमा कंपनी निघाली. बँक जी पॉलिसी घ्यायला लावते ती बँकेचं रक्षण करते, तुमचं नाही. मालकाची पॉलिसी वेगळी मागा. आणि टायटल रिपोर्ट आला की स्वतः वाचा, सातबारा वाचतो तसा. कोणाचं नाव कमी झालं, कोणाचं चढलं, जुनं कर्ज फिटल्याची नोंद आहे का. तिथे प्रश्न निघाला तर मुदतवाढीआधी लेखी विचारा, कोण सोडवणार आणि कधीपर्यंत.

जर्सीतून तिकडे जाणाऱ्यांनी कराचा हिशेब नुसत्या प्रॉपर्टी टॅक्सवर करू नका. पेनसिल्व्हेनियाचा राज्य आयकर सरसकट ३.०७ टक्के, पण त्यावर स्थानिक अर्न्ड इन्कम टॅक्स असतो, बऱ्याच ठिकाणी १ टक्का. नोकरी जर्सीत आणि घर पेनसिल्व्हेनियात असेल तर दोन राज्यांच्या करारामुळे पगारावरचा कर राहत्या राज्यात. कंपनीला फॉर्म द्यायला विसरू नका. न्यूयॉर्कशी असा करार नाही, तिथे आधी न्यूयॉर्कचा कर आणि मग घरच्या राज्यात क्रेडिट. घर घेताना ट्रान्सफर टॅक्स बहुतेक ठिकाणी एकूण २ टक्के, रिवाजाने घेणारा-विकणारा निम्मंनिम्मं. क्लोजिंगच्या अंदाजात हा धरलाय ना, बघा.

बेथलेहेम शहर दोन काउंटींत पसरलंय, नॉर्दॅम्प्टन आणि लीहाय. एकाच शहरात, एकाच किमतीच्या दोन घरांचं टॅक्स बिल वेगळं येऊ शकतं. पत्ता घालून खरं बिल बघा, वेबसाइटवरचा अंदाज नको. जुन्या भागातलं घर ऐतिहासिक विभागात येत असेल तर खिडकी, छप्पर, दर्शनी रंग बदलायलाही मंजुरी लागते. चर्चचा भाडेपट्टा गेला, समिती आली! आणि गावाबाहेर नवीन टाउनहाउस घेत असाल तर शेजारच्या मोकळ्या शेताचं झोनिंग टाउनशिपमध्ये जाऊन विचारा. आय-७८च्या आजूबाजूला गोदामं फार उठली आहेत. आज मक्याचं शेत, उद्या रात्रभर ट्रक.

आम्ही शेवटी २०२३मध्ये गावाबाहेर साधं स्प्लिट-लेव्हल घेतलं. कागदावर एकच मालक, एकच सही. पोर्चवर दिवाळीत लावलेला आकाशकंदील डिसेंबरभर उतरवत नाही, शेजारची आजी त्याला 'तुमचा तारा' म्हणते.

आणखी एक सांगायचं राहिलं. जुलै २०२४ला बेथलेहेमची मोरेव्हियन वस्ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि ते ठरलं नवी दिल्लीत, कारण त्या वर्षीची बैठक तिथे होती. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ला, रायगड, राजगड, प्रतापगडासह आपले १२ किल्ले त्याच यादीत गेले. धाकट्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग मी सांगितलंच होतं, तो किल्लाच आहे."

जाणार असाल तर पुट्झच्या वेळा आधी बघून जा, शनिवारी संध्याकाळी पार्किंगचे हाल असतात, शक्यतो मधल्या वारी जा. चर्चच्या लव्हफीस्टला कॉफी आणि गोड बन मिळतो, आपल्या प्रसादासारखा, सगळ्यांना. ३१ डिसेंबरला मार्शमेलोच्या पिल्लासारखं दिसणारं एक मोठं पिवळं पिल्लू वरून खाली सोडतात, मुलांना फार आवडतं. पण ते पीप्स घरी आणू नका शाकाहारी असाल तर, त्यात डुकराचं जिलेटिन असतं. आम्हाला हे तीन पाकिटं संपल्यावर कळलं.