आधी कागद, मग रंग

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली एक साधी गृहिणी. इतिहास सांगण्याचा माझा अधिकार नव्हे. पण एका चुकीने मला त्याच्या दाराशी नेले, ती हकीकत सांगते.

गेल्या संक्रांतीला गरजू मुलींच्या वह्यापुस्तकांसाठी आपण तिळगुळाची १०० भेटकार्डे करून विकायचे ठरवले. कागद आणण्याचे काम माझ्याकडे होते. चार पैसे वाचावेत म्हणून मी टीपकागदासारखा मऊ, स्वस्त कागद आणला. जलरंगाचा कुंचला टेकताच चित्रे फिसकटली, शाईची अक्षरे पसरली. ६० कार्डे वाया गेली. मुलींच्या वह्यांचे पैसे माझ्या काटकसरीने बुडाले! मी ओशाळून गेले. तेव्हा कसब्यातल्या आजी एवढेच म्हणाल्या, "अगं, आधी कागदाला विचारावं, मग रंगाला. कागदीपुऱ्याच्या शेजारी वाढले मी."

कागदीपुरा हे नाव शेकडो वेळा ऐकले होते. त्यात 'कागद' आहे हे मात्र कधी ध्यानी आले नव्हते. पूर्वी कसबा पेठेतल्या त्या वस्तीत कागदी लोक हाताने कागद करीत. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. तिथे जुनी पोती कुटून, चुन्याच्या पाण्यात भिजवून लगदा करीत; त्याचे ताव उचलून भिंतीवर वाळवीत; मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. अशा कागदावर काजळीच्या शाईचा बोरू न अडखळता चाले, शाई फुटत नसे. पेशवे दफ्तरातली मोडी अक्षरे आजही वाचता येतात, त्यात या घोटाईचा मोठा वाटा आहे.

पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. गांधीजींनी १९३४ साली ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा हातकागदाकडे पुन्हा लक्ष गेले. १९४० साली के. बी. जोशी यांनी शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. सुती चिंध्यांपासून होणारा हा कागद टिकाऊ असतो. भारताच्या संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुंदर हस्ताक्षरात लिहिली, ती पुण्याच्याच हातकागदावर! हे कळले तेव्हा माझा ऊर भरून आला.

आता मी कागद घेताना कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहते. थेंब लगेच शोषला तर खळ कमी. त्यावर जलरंग नको, शाईही नको. जलरंगाला जाड आणि खळ दिलेला कागद हवा, तेलकट खडूला खरखरीत, बारीक अक्षरांना घोटलेला. रंगीत पेन्सिलीला किंचित खरखर पुरते.

यंदाची कार्डे मी याच रीतीने कागद निवडून करणार आहे, आणि गेल्या वर्षीच्या ६० कार्डांची भरपाई आधी करीन. भगिनींनो, तुम्ही रंग भरायला या. कागदाची जबाबदारी माझी.