मूत्रमार्गसंसर्ग : जंतूंची प्रयोगशाळेतील ओळख

लघवीतील रोगकारक जंतू कोणता, हे ठरवण्याची तपासणी. ती बहुधा फसते ती नमुना घेतानाच. म्हणून सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत घेतात व दोन तासांत तपासायला लावतात, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवतात. १ मायक्रोलिटर मापाच्या तारकडीने नमुना मॅकॉन्की किंवा क्लेड आगारावर पसरून ३७° से. तापमानात रात्रभर ठेवतात. थाळीवर १०० वसाहती उमटल्या, तर मिलिलिटरमागे १ लाख जंतू झाले. एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात रूढ केलेली संसर्ग मानण्याची ही मर्यादा अजून चालते. मात्र रुग्णाला लक्षणे असतील तर कमी संख्याही दुर्लक्षू नये.

सर्वाधिक आढळणाऱ्या ई. कोलायच्या वसाहती मॅकॉन्कीवर गुलाबी दिसतात. इंडोल चाचणीत कोव्हॅकच्या अभिकर्मकाचे थेंब पडताच नळीत वर लालचुटुक कडे धरते. क्लेब्सिएलाच्या वसाहती बुळबुळीत असतात. प्रोटियस रक्त-आगारावर लाटांसारखा पसरत जातो आणि शेजारच्या वसाहती झाकतो. क्लेडवर त्याला आळा बसतो. स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस नोव्होबायोसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही. मॅल्डी-टॉफ यंत्र वसाहतीवरून काही मिनिटांत जंतूचे नाव सांगते, पण कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे कळायला संवेदनक्षमतेची चाचणी वेगळी करावी लागते.