मालकांचा दिवाणखाना, गुलामांचा ढोल

सँ-दोमँग म्हणजे आजची हैती. या फ्रेंच वसाहतीत १७९१ साली गुलामांनी उठाव केला आणि कित्येक मळेवाले जीव मुठीत धरून शेजारच्या क्यूबाला पळाले. पळतानाही हाताशी असलेले गुलाम त्यांनी सोडले नाहीत. पूर्व क्यूबाच्या डोंगरांत मालकांनी कॉफीचे मळे वसवले. तिथल्या गुलामांनी वसवला ‘तुंबा फ्रान्सेसा’ (म्हणजे फ्रेंच ढोल) हा नाच-गाण्याचा प्रकार. खरं तर ढोलाची जातकुळी पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमेची. पण हैतीहून आलेलं ते सगळं फ्रेंच, असा क्यूबातला हिशेब.

सुरुवात गायक करतो. त्याला म्हणतात ‘कोंपोसे’. त्याने इशारा केला की ‘काता’वर, म्हणजे आडव्या पोकळ ओंडक्यावर, काठ्या पडू लागतात. मग अखंड लाकूड कोरून केलेले तीन ढोल तो ठेका उचलतात. पायघोळ झगे घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका हातातले पत्र्याचे खुळखुळे वाजवत कोरस धरतात. ‘मासोन’ या नाचात जोडपी अशी ऐटीत फिरतात, की जणू मालकांच्या दिवाणखान्यातली मेजवानीच चालू आहे. ही मालकांची टवाळी, असं सांगायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. टवाळीची मजा चार दिवसांची. पिढ्यान् पिढ्या जपायचं, तर तो डौल आपलाही वाटावा लागतो. ‘यूबा’त मात्र दिवाणखाना संपतो. ढोल बेफाम होतात, पावलं आयत्या वेळी सुचतील तशी पडतात. पुढे ‘फ्रेंते’त एकटा नाचणारा थेट ढोलाला भिडतो, लावणीतली ढोलकी-घुंगरांची चढाओढ ऐकलेल्याला ते समजावून सांगायला नको.

हा नाच जपला तो मंडळांनी. त्यांतलं पूर्व क्यूबातल्या सांतियागो शहरातलं मंडळ १८६२ सालचं. १८८६ मध्ये क्यूबातली गुलामगिरी संपली आणि मळ्यांवरची माणसं कामधंद्यासाठी शहरांत आली, तशी ही मंडळं फोफावली. सभासद होणं म्हणजे नुसतं नाचायला जाणं नव्हे. वर्गणी भरायची, आणि आजारपणात किंवा घरात मयत झालं तर मंडळाने पाठीशी उभं राहायचं. परक्या शहरात नव्याने मोकळ्या झालेल्या माणसाला आणखी कोण विचारणार होतं?

कॉफीच्या मळ्यांच्या अवशेषांना युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा ठरवलं. नाचाचा नंबर लागला २००३ मध्ये. इथेही मालक पुढेच! तोवर सांतियागो, ग्वांतानामो आणि सागुआ दे तानामोजवळचं बेहुको, एवढ्या तीनच ठिकाणची मंडळं उरली होती.