आरक्षणाची जुनी वही आणि नवीं दारें

आगगाडींतील एक जागा एका दिवशीं एकाच माणसाला विकावयाची, ही गोष्ट ऐकावयास अगदीं सोपी वाटते. परंतु विकणारे कारकून हजारों असले, ते शेकडों गांवीं बसलेले असले आणि घेणारे लाखों असले, म्हणजे तीच गोष्ट अतिशय बिकट होऊन बसते. कोणती जागा गेली व कोणती उरली, हें एकाच वहींत लिहिलेलें असलें पाहिजे. नाहींतर एकाच बाकावर दोन धनी येऊन उभे राहावयाचे. आणि तीच वही सर्व कारकुनांपुढें एकाच वेळीं उघडीहि असली पाहिजे. या दोन गरजा एकमेकींच्या उलट आहेत, आणि त्यांची सांगड घालतां घालतां रेल्वेची चाळीस वर्षें गेलीं.

भारतांत 1985 पर्यंत ही वही खरोखरीच कागदाची होती. प्रत्येक गाडीचें आणि प्रत्येक तारखेचें पान वेगळें. ज्या खिडकीवर एका गाडीची वही, तेथें दुसऱ्या गाडीचें आरक्षण मिळावयाचें नाहीं. रांगेंत तासभर तिष्ठून खिडकीपाशीं पोंचलेल्या गृहस्थाला ‘जागा नाहीं’ असें उत्तर मिळालें, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चौकशीसाठीं त्यानें दुसऱ्या रांगेच्या शेपटाशीं जाऊन उभें राहावें, असा तो प्रकार. परतीच्या प्रवासाची जागा हवी असली तर दूरच्या स्टेशनाला तार जावयाची, आणि तिचें उत्तर येईपर्यंत प्रवाशानें देवावर हवाला ठेवून बसावयाचें. मधल्या स्टेशनांना ठराविक जागांचा वांटा तोडून दिलेला असे. रेल्वेच्या भाषेंत त्याला कोटा म्हणतात. एके ठिकाणचा वांटा रिकामा जाई, आणि दुसऱ्या ठिकाणीं लोक हात हलवीत परत फिरत. कारकुनांचा आळस हें याचें कारण नव्हतें. वही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जेवढ्या वेगानें सरकेल, त्यापेक्षां अधिक वेगानें जागा विकल्या जाणें शक्यच नव्हतें.

हाच पेंच अमेरिकेंतील विमान-कंपन्यांना भारतीय रेल्वेच्या तीस वर्षें आधीं पडला होता. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनींत 1950 नंतरच्या दशकांत आठ कारकून एका फिरत्या पेटीभोंवतीं बसत, आणि तींत लावलेलीं प्रत्येक उड्डाणाचीं पत्रें चाळून जागा देत. एक आरक्षण पुरें होण्यास सरासरीनें नव्वद मिनिटें लागत. या कंपनीनें आय. बी. एम. च्या साहाय्यानें ‘सेबर’ नांवाची यंत्रणा उभारली. न्यूयॉर्कजवळील ब्रायरक्लिफ मॅनर येथें दोन प्रचंड संगणक बसविण्यांत आले आणि 1964 च्या अखेरीस कंपनीचीं सर्व आरक्षणें त्यांवर होऊं लागलीं. नव्वद मिनिटांचें काम कांहीं सेकंदांवर आलें. अशा प्रकारच्या महायंत्रांनाच पुढें मेनफ्रेम हें नांव रूढ झालें.

सेबरशीं बोलावयाचें तर सांकेतिक अक्षरांची एक स्वतंत्र भाषा शिकावी लागे, आणि ती कंपनीच्या कारकुनांनाच येत असे. 1976 पासून प्रवास-दलालांच्या कचेऱ्यांत तीं टर्मिनलें गेलीं. 1985 पासून घरगुती संगणक बाळगणाऱ्या लोकांना टेलिफोनच्या तारेवरून आंत डोकावतां येऊं लागलें. 1996 सालीं ‘ट्रॅव्हलॉसिटी’ हें संकेतस्थळ निघालें आणि कोणालाहि साध्या इंग्रजींत तिकीट मागतां येऊं लागलें. साध्या भाषेंतील मागणीचें सांकेतिक भाषेंत रूपांतर करणारा एक दुभाषी दाराशीं बसविला होता, एवढेंच. आंतील वही मात्र नव्या दारासाठीं नव्यानें लिहिली गेली नाहीं.

आपल्याकडे 1985 सालीं नवी दिल्ली येथें ‘इम्प्रेस’ नांवाची यंत्रणा प्रयोगादाखल सुरू झाली. ती सी. एम. सी. या सरकारी कंपनीनें रचली होती. संगणक व्हॅक्स जातीचे होते. काटेकोर बोलावयाचें तर मेनफ्रेमपेक्षां ते एक पायरी लहान, पण त्यांच्याकडून घेतलेलें काम मेनफ्रेमचेंच होतें. आतां कोणत्याहि खिडकीवर कोणत्याहि गाडीची जागा मिळूं लागली, आणि गाडीगणिक रांगा मोडल्या. तें दशक संपण्यापूर्वीं मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेंहि अशीं केंद्रें झालीं. पण या पांच केंद्रांच्या वह्या एकमेकींना अनोळखी होत्या. मुंबईच्या संगणकाला मुंबईच्या गाड्या ठाऊक. मद्रासच्या गाडीविषयीं त्याला विचारलें तर तो मुकाच.

हा मुकेपणा घालविण्याचें काम 1986 सालीं स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेनें केलें. तिनें ‘कॉन्सर्ट’ नांवाची नवी यंत्रणा लिहिली. तिचा बराचसा भाग फोर्ट्रान व सी या भाषांत आहे. पांच वह्या मोडून एक प्रचंड वही करावी, हा मोह तिनें टाळला, आणि या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच म्हणावयास हवा. प्रत्येक गाडीची वही आपल्या केंद्रांतच राहिली. मध्यें केवळ एक टपालवाला बसविला. मुंबईच्या खिडकीवर मद्रासहून सुटणाऱ्या गाडीची मागणी आली, कीं ती मद्रासच्या यंत्राकडे नेऊन पोंचवावयाची आणि उत्तर परत आणावयाचें. मध्येंच तार तुटली तर व्यवहार अर्धवट न ठेवतां एक तर पुरा करावयाचा, नाहीं तर पुसून टाकावयाचा. ही यंत्रणा सप्टेंबर 1994 मध्यें प्रथम एकट्या सिकंदराबादेस लावण्यांत आली. तेथें ती टिकते असें दिसल्यावर मग इतर केंद्रांची पाळी आली, आणि एप्रिल 1999 मध्यें पांचहि केंद्रें जोडलीं गेलीं. साडेचार वर्षें लागलीं. त्या काळांत आरक्षणाच्या खिडक्या मात्र चालूच होत्या.

ही सावकाशी कोणाला सरकारी संथपणा वाटेल. त्यानें इंग्लंडांतील टी. एस. बी. या बँकेची 2018 सालची हकीकत पाहावी. लॉइड्स बँकेपासून विभक्त झालेल्या या बँकेचे हिशेब लॉइड्सच्याच जुन्या यंत्रणेवर भाड्यानें चालत होते. एप्रिल महिन्यांतील एका शनिवार-रविवारीं 52 लाख ग्राहकांचीं खातीं एकदम नव्या यंत्रणेवर हलविण्यांत आलीं. पुढें जें झालें तें जगजाहीर आहे: सुमारें 19 लाख ग्राहकांना आपल्याच खात्याचें दार बंद झालें, कित्येकांचे पैसे द्यावयाचे राहून गेले, व्यवहार पूर्ववत् होण्यास वर्षाची अखेर उजाडली, मुख्य अधिकाऱ्याला पायउतार व्हावें लागलें, आणि डिसेंबर 2022 मध्यें नियामकांनीं बँकेला 4 कोटि 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला. नवी यंत्रणा खऱ्या गर्दीच्या भाराखालीं पुरेशी पारखून न घेतां एका रात्रींत सर्वांना तींत नेणें, हें त्या अनर्थाचें मूळ होतें.

रेल्वेची खरी कसोटी मात्र पुढेंच होती. आय. आर. सी. टी. सी. या रेल्वेच्या कंपनीनें 3 ऑगस्ट 2002 रोजीं संकेतस्थळावरून तिकिटें विकण्यास आरंभ केला. प्रथम घरीं कागदी तिकीट पाठविलें जाई. 2005 पासून प्रवाशानेंच तें छापून घ्यावें अशी सोय झाली. दार उघडलें खरें, पण त्या दाराशीं तीन वह्यांची गांठ पडत होती. पैशाची वही बँकेंत, मागणीची संकेतस्थळावर आणि जागेची रेल्वेच्या यंत्रांत. बँकेनें पैसे वळते केले आणि तो निरोप परत पोंचण्यापूर्वींच मध्यें कोठें तार अडखळली, तर पैसे गेले पण जागा मिळाली नाहीं, अशी अवस्था होई. पैसे यथावकाश परत येत. परंतु ती जागा तोंवर दुसऱ्याची झालेली असे, आणि आजारी आईला भेटावयास निघालेल्या माणसाला परत आलेल्या पैशांचें कसलें समाधान? खिडकीवर हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण एक हात पैसे घेई आणि तोच हात तिकीट देई.

याहूनहि खोल अडचण वेगाची होती. जुनी यंत्रणा रचतांना ज्यांनीं हिशेब मांडला, त्यांनीं खिडक्या मोजल्या होत्या. खिडक्या इतक्या, एका कारकुनाला एका तिकिटास लागणारा वेळ इतका, म्हणून मिनिटाला इतके व्यवहार. रांग ही प्रवाशाला जाच वाटे, पण यंत्राच्या दृष्टीनें ती धरणाची भिंत होती. कितीहि लोक आले तरी आंत पाणी शिरावयाचें तें खिडकीच्या तोटींतूनच. संकेतस्थळानें ती भिंत काढून टाकली. तत्काळ तिकिटांची विक्री सकाळीं दहाच्या ठोक्याला उघडली, कीं सारा देश एकाच क्षणीं दाराशीं उभा! गणेशोत्सवांत कोंकणांत जाणाऱ्या गाड्यांचें आरक्षण ज्या दिवशीं सुरू होतें, त्या दिवशीं मुंबईंतल्या कित्येक घरांत मंडळी सकाळींच संगणकासमोर बसलेलीं असतात, आणि पहिल्या चहाचा कप संपण्यापूर्वीं प्रतीक्षा-यादी लागलेली असते.

आंतील यंत्र मोठें करून हें सुटण्यासारखें नव्हतें, कारण आलेल्यांपैकीं पुष्कळजण नुसते विचारणारे होते: जागा आहे का, दुसऱ्या गाडींत आहे का, उद्यां आहे का. प्रत्येक प्रश्नासाठीं मूळ वही उघडावयाची म्हटली तर खऱ्या गिऱ्हाइकाला हात लावावयास जागा उरत नाहीं. म्हणून 2014 सालीं जी नवी ई-तिकीट यंत्रणा आली, तींत बरेचसें काम ओटीवरच उरकण्याची योजना होती. वारंवार लागणारी माहिती संगणकाच्या चपळ स्मृतींत आधींच आणून ठेवावयाची, चौकशांचीं उत्तरें तेथूनच द्यावयाचीं आणि प्रत्यक्ष जागा देण्याघेण्याचा प्रसंग येईल तेव्हांच माजघरांतील वहीला हात घालावयाचा. मिनिटाला 2,000 तिकिटें देणारें दार त्यामुळें 7,200 तिकिटें देऊं शकेल असें झालें. 22 मे 2025 रोजीं तर एका मिनिटांत 31,814 तिकिटें निघालीं.

दार रुंद झालें म्हणून आंत येणारे सर्व सज्जनच होते असें नाहीं. माणसाच्या बोटांपेक्षां जलद अर्ज भरणाऱ्या आज्ञावली दलालांनीं पैदा केल्या. तत्काळ विक्रीच्या पहिल्या पांच मिनिटांत आंत शिरूं पाहणाऱ्यांपैकीं निम्म्यापर्यंत ही यंत्रसेनाच असे, असें रेल्वेनें 2025 सालीं जाहीर केलें. त्याच वर्षीं जुलैपासून संकेतस्थळावरील तत्काळ तिकिटासाठीं आधारची ओळख सक्तीची झाली आणि अधिकृत दलालांना पहिल्या अर्ध्या तासांत मज्जाव करण्यांत आला. म्हणजे जागेच्या वहीला आणखी एक परकी वही जोडली गेली, ती माणसांच्या ओळखीची. एकीकडे दहांपैकीं आठांहून अधिक आरक्षित तिकिटें संकेतस्थळावरून जाऊं लागलीं असतां, ज्याच्याजवळ ना फोन ना बँकेचें कार्ड, असा मजूर मात्र अजून खिडकीशींच उभा राहतो. आणि त्याची पाळी येईपर्यंत दूरच्या गाड्यांच्या जागा संपलेल्या असतात. कागदाच्या वहीच्या काळीं पहांटेपासून उभें राहणाराला निदान आपल्या पुढें किती माणसें आहेत तें दिसत होतें.

आंतील वहीची कथा इतक्यांत संपलेली नाहीं. सरकारनें 2025 सालीं दिलेल्या माहितीप्रमाणें तेव्हांची यंत्रणा 2010 मध्यें बसविलेली असून ती इटॅनियम जातीच्या संगणकांवर आणि ओपन-व्ही. एम. एस. या प्रणालीवर चालत होती. ही प्रणाली म्हणजे 1977 सालीं व्हॅक्ससाठीं निघालेल्या प्रणालीचीच वंशज होय; इटॅनियमचा वंश तर 2021 सालीं खुंटला, कारण कारखानदारानें ते पाठविणेंच बंद केलें. म्हणून या खेपेस केवळ दारें वाढवून भागण्यासारखें नव्हतें. मिनिटाला दीड लाखांहून अधिक तिकिटें आणि चाळीस लाखांहून अधिक चौकशा झेपतील अशी नवी यंत्रणा उभारण्याचें काम हातीं घेतल्याचें रेल्वेमंत्र्यांनीं त्याच वर्षीं सांगितलें.

दरम्यान, हातांतल्या फोनवर येणाऱ्या तिकिटावर जो दहा आंकडी पी. एन. आर. क्रमांक असतो, त्याचा आरंभ कोठें 2 नें, कोठें 4 नें, तर कोठें 8 नें होतो. पुष्कळांना तो निरर्थक आंकडा वाटतो. तो आरंभ आरक्षणाचें केंद्र सांगतो: 8 किंवा 9 असला तर तिकीट मुंबईच्या वहींतलें, 4 किंवा 5 असला तर चेन्नईच्या.