ऑर्गन : एका शब्दाचे आणि एका कलेचे स्थलांतर

सेलूसारख्या मराठवाड्यातील गावी भजनात वाजते ती ‘पेटी’. ‘ऑर्गन’ म्हटले की संगीत नाटकातील पायपेटी आठवते. मूळ युरोपीय ऑर्गन मात्र याहून सर्वस्वी निराळा. त्यात भात्याची हवा नळ्यांतून जाऊन नाद उमटतो. आपल्या ऑर्गनात नळ्या नाहीत. हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्या आहेत. म्हणजे मराठीने नाव घेतले ते एका वाद्याचे आणि लावले दुसऱ्यास. या नामांतराबरोबर वादकाचे स्थानही पालटले, हे येथे दाखवावयाचे आहे.

युरोपात ऑर्गन उपासनेच्या साथीस होताच, परंतु स्वतंत्र वादनाचीही तेथे मोठी परंपरा होती. १८७१ साली लंडनमधील रॉयल अल्बर्ट हॉलचा ऑर्गन सिद्ध झाला, तेव्हा ब्रिटिश वादक डब्ल्यू. टी. बेस्ट यांच्याप्रमाणेच फ्रान्सचे सेंसाँ व ऑस्ट्रियाचे ब्रुकनर यांनीही तो वाजविला. ब्रुकनर यांची ख्याती विशेषतः उत्स्फूर्त वादनाबद्दल होती. एखादे स्वरवाक्य घेऊन त्याच क्षणी त्यावर रचना उभारावयाची, ही ती विद्या. तेथे निर्माता वादकच.

मराठी रंगभूमीवर निर्माता गायक झाला. बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली स्थापिलेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनाची साथ प्रतिष्ठित झाली. भाता पायांनी चालत असल्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहत व स्वर अखंड भरता येई. ‘वन्स मोअर’ मिळताच तेच पद नव्या हरकतींनी नटून येई. पुढील जागा कोणती, हे वादकास आधी ठाऊक नसे; ती ऐकत ऐकतच त्याने स्वराचा आधार द्यावयाचा. हीदेखील उत्स्फूर्तताच होय. मात्र भाषेने तिला ‘साथ’ हे विनम्र नाव दिले.

त्या नावाची किंमत वादकांनी मोजली. पट्टीच्या स्थिर स्वरांतून मींड व श्रुती व्यक्त होत नाहीत, या आक्षेपामुळे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ साली अंशतः शिथिल झाली. आक्षेप वाद्यापुरता खरा होता. परंतु पट्टी केव्हा दाबावी, याइतकेच ती केव्हा सोडावी, हे जाणणाऱ्या वादकाचा विचार त्यात झाला नाही. गोविंद पटवर्धन (१९२५–१९९६) यांच्या साथीने ही उणीव कानांनाच दाखवून दिली.

स्वतंत्र वादनाची कार्यक्रमपत्रिका मागे उरते. साथीची उरत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकेवर ठळक नाव असते ते गायकाचे. म्हणून मराठी ऑर्गनवादनाचा इतिहास लिहावयाचा, तर कागदपत्रांइतकाच या मुद्रिकांचा आधार घ्यावा लागेल; आणि त्या ऐकताना गायकाच्या दोन तानांमधील अवकाशाकडे लक्ष द्यावे लागेल. वादकाची स्वाक्षरी तेथेच आहे.