फुल सस्पेन्शन माउंटन बाइक: पेटंट, मापे आणि मालकी

माउंटन बाइकचा इतिहास बहुतेक ठिकाणी १९७६ पासून सांगितला जातो. सायकलच्या सस्पेन्शनचा इतिहास त्याच्याही नव्वद वर्षे मागे जातो आणि त्याची सुरुवात एका फसलेल्या प्रयत्नाने होते. १८८५ मध्ये लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज या कंपनीने ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली. त्या काळी चाकांवर भरीव रबर असे आणि रस्ते खडीचे. व्हिपेटमध्ये सीट, हँडल आणि पायडल हे तिन्ही एका ताठ त्रिकोणावर घेतले होते आणि तो त्रिकोण स्प्रिंगच्या साहाय्याने उरलेल्या सायकलपासून वेगळा ठेवला होता. म्हणजे चाक हादरले तरी माणूस हादरणार नाही. कल्पना उत्तम होती. पण १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला आणि स्प्रिंगचे जवळजवळ सगळे काम अगदी कमी वजनात होऊ लागले. व्हिपेटसारख्या सायकली मागे पडल्या. पुढे डनलॉप यांचे पेटंटही रद्द झाले, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवेच्या टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतलेले होते. या विषयात पेटंट हा शब्द पुन्हा येणार आहे, म्हणून ही नोंद.

यानंतर जवळपास शंभर वर्षे सायकलला सस्पेन्शनची फारशी गरज पडली नाही. रस्त्यावर टायर पुरेसा होता. गरज पुन्हा निर्माण झाली ती सायकल रस्ता सोडून डोंगरात गेली तेव्हा.

कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी डोंगरावरून खाली सायकल पळवण्याची पहिली ‘रिपॅक’ शर्यत घेतली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यातली नावे. सायकली होत्या १९३०-४० च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या श्विन. ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबून लागणारा. उतार संपेपर्यंत हबमधले ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ‘रिपॅक’ हे नाव त्यावरूनच पडले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. माउंटन बाइक जन्माला आली तीच मुळी दुरुस्ती आणि अदलाबदल करत. कुणी मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर लावले, कुणी टूरिंग सायकलचे गिअर. मालक आणि मेकॅनिक एकच होता. १९७७ मध्ये ब्रीझ यांनी या कामासाठी नव्याने फ्रेम बांधली, १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम घेऊन ‘माउंटनबाइक्स’ या नावाने धंदा सुरू केला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये तयार करून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ बाजारात आणली. कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली ही पहिली माउंटन बाइक मानली जाते. तिला सस्पेन्शन नव्हते.

सस्पेन्शन आणणारी माणसे सायकलच्या नव्हे, मोटारसायकलच्या जगातली होती. पॉल टर्नर मोटोक्रॉसमधले. त्यांनी स्टीव्ह सायमन्स यांच्यासह १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही कंपनी उभी केली. तिचा पहिला फोर्क आरएस-१. हवेची स्प्रिंग, तेलाचे डॅम्पिंग, आणि हालचाल जेमतेम ५० मिलिमीटर. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तोवर फोर्कमध्ये स्प्रिंग म्हणजे वजन आणि लाड, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्या स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी आरएस-१ लावून डाउनहिल जिंकली आणि वाद बराचसा मिटला. पुढे १९९२ आणि १९९३ मध्ये पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत जिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी रॉकशॉक्सच्याच फोर्कवर जिंकली. ती तर रस्त्यावरची सायकल होती.

मागच्या चाकाचा प्रश्न

पुढचा फोर्क सोपा आहे: दोन नळ्या एकमेकींत सरकतात. मागचे चाक अवघड, कारण त्याला साखळी जोडलेली असते. मोटारसायकलमध्ये इंजिन सारखा जोर लावते. माणूस मात्र पाय खाली जाताना जोर लावतो आणि पाय वर-खाली सरळ रेषेत आला की सोडतो. एका फेरीत दोनदा. त्यामुळे मागे साधी स्प्रिंग लावली की सायकल पायडलच्या तालावर डोलू लागते आणि स्वाराची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. दुसरी अडचण ब्रेकची. चाकाचा आस ज्या दांड्यावर आहे त्याच दांड्यावर ब्रेक असेल तर ब्रेक दाबताच सस्पेन्शनच्या हालचालीवर परिणाम होतो आणि नेमके खडबडीत उतारावर चाक उसळते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे बहुतेक उपाय आज संग्रहालयात शोभतील. काहींनी स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमर, म्हणजे रबरासारख्या पदार्थाच्या चकत्या वापरल्या. त्या थंडीत कडक होत. ट्रेकची १९९५ ची ‘वाय’ फ्रेम दिसायला देखणी होती आणि तिची छबी अजून जिवंत आहे. आपल्याकडे शाळकरी मुलांसाठी जी ‘डबल शॉकर’ सायकल विकली जाते तिचा आकार पाहा. फरक असा, की त्या स्वस्त सायकलच्या मागच्या स्प्रिंगमध्ये बहुधा डॅम्पर नसतोच. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती उष्णतेत घालवण्याचे काम डॅम्परचे. डॅम्पर नसलेले सस्पेन्शन म्हणजे जास्तीचे वजन घेऊन केलेला झोपाळा. अशी सायकल घेण्यापेक्षा त्याच पैशात साध्या फ्रेमची, चांगल्या टायरची सायकल घ्यावी, असे मी विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. ऐकतात थोडे.

खरे उत्तर चार दुव्यांच्या यंत्रणेतून आले. ऑस्ट्रियात जन्मलेले मोटोक्रॉसपटू हॉर्स्ट लाइटनर यांनी अमेरिकेत एएमपी रिसर्च ही कंपनी काढली होती. त्यांची युक्ती एका सांध्याच्या जागेत आहे. मागच्या त्रिकोणाच्या खालच्या नळीवर, आसाच्या थोडा पुढे, त्यांनी एक सांधा ठेवला. त्यामुळे आस आणि ब्रेक दोन्ही वरच्या तरंगत्या दुव्यावर गेले आणि चाकाचा मार्ग साधे वर्तुळ राहिला नाही. हाच सांधा आसाच्या वर, वरच्या नळीवर ठेवला, तर सायकल लांबून तशीच दिसते, पण आस पुन्हा खालच्या दांड्यावर येतो आणि एका सांध्याभोवती साधे वर्तुळच काढतो. यंत्रशास्त्राच्या पहिल्या सत्रात आपण शिकतो त्या फोर-बार लिंकेजचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण. काही सेंटिमीटरचा फरक, आणि यंत्रणेची जातच बदलते.

कायद्यातही हा फरक तितकाच निर्णायक ठरला. स्पेशलाइज्डने १९९८ मध्ये लाइटनर यांची पेटंटे विकत घेतली. त्यानंतर अमेरिकेत ‘हॉर्स्ट लिंक’ वापरायची तर परवाना घ्यावा लागे. युरोपातील कंपन्या आपल्या देशात ती खुशाल विकत, पण ती सायकल अमेरिकेत नेता येत नसे. ज्यांना परवाना नको होता त्यांनी सांधा वर नेला, किंवा वेगळे मार्ग शोधले. आउटलँड या छोट्या कंपनीचा ‘व्हीपीपी’ आराखडा सांता क्रूझ आणि इंटेन्स यांनी घेतला, डेव्ह वीगल यांनी ‘डीडब्ल्यू-लिंक’ आणला. नंतर वीगल आणि ट्रेक या दोघांनीही सांधा थेट आसावरच बसवला आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. स्पेशलाइज्डचे पेटंट २०१३ च्या सुमारास संपले आणि पाठोपाठ अनेक कंपन्यांच्या सायकलींवरचा सांधा खाली सरकला. त्या १५ वर्षांत कित्येक सायकलींचे सांधे यंत्रशास्त्रापेक्षा वकिलांच्या सल्ल्याने जागा बदलत होते, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

माझ्या मते ही पेटंटे पूर्णपणे वाईट ठरली नाहीत. व्हीपीपी किंवा डीडब्ल्यू-लिंक यांना जो वाव मिळाला त्यात अडवलेल्या वाटेचाही वाटा आहे. पण त्याची किंमत ग्राहकाने मोजली.

तोवर क्रॉस-कंट्रीचे स्पर्धक मात्र मागे सस्पेन्शन नसलेली, हलकी हार्डटेलच पसंत करत. लंडन ऑलिम्पिकमध्ये, २०१२ साली, यारोस्लाव्ह कुल्हावी यांनी २९ इंची चाकांच्या फुल सस्पेन्शन सायकलवर सुवर्णपदक मिळवले, तेव्हा चढावरही ही सायकल मागे राहत नाही हे सर्वांनी पाहिले.

मापे बदलली, मालक अडकला

आता मालकाच्या बाजूने पाहू. समजा कुणी २००८ मध्ये चांगली फुल सस्पेन्शन सायकल घेतली. २६ इंची चाके, पुढे ९ मिलिमीटरचा क्विक-रिलीज आस, मागे १३५ मिलिमीटर रुंदीचा हब, फोर्कची नळी वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाच्या आतली, म्हणजे १⅛ इंच. फ्रेम धडधाकट आहे. २०१६ मध्ये फोर्क बदलायचा आहे.

दुकानातले नवे फोर्क २७.५ किंवा २९ इंची चाकांचे आहेत. त्यांची नळी खाली दीड इंचाकडे रुंद होत जाते, ती या फ्रेमच्या हेड ट्यूबमध्ये जात नाही. आस १५ मिलिमीटरचा, म्हणजे पुढचा हब बदला. हब बदलला तर चाक पुन्हा विणा. पुढच्या हबची रुंदी १०० वरून ११० झाली आहे. मागे १३५ चे १४२ झाले आणि २०१४-१५ च्या सुमारास ‘बूस्ट’ नावाने १४८. यातल्या शेवटच्या ६ मिलिमीटरमुळे हबच्या कडा प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर बाहेर गेल्या, २९ इंची चाक ताठ झाले. तांत्रिक कारण खरे आहे. पण साखळीची रेषाही ३ मिलिमीटर सरकली, म्हणून क्रँकही वेगळा. मागचा शॉक पूर्वी इंचात मोजला जाई, २०१६ पासून मिलिमीटरची नवी मापे आली. एक भाग बदलायला गेलेला माणूस शेवटी नवी सायकल घेऊन परततो.

याची तुलना आपल्या काळ्या रोडस्टर सायकलशी करून पाहा. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. आराखडा ब्रिटिश, आणि तो फारसा बदललाच नाही. २८ × १½ चा टायर आणि लुधियानाचे सुटे भाग केरळातल्या गावातही बसतात आणि आसामातही. प्रगती थांबली हे खरे. पण आजोबांची सायकल नातू वापरतो, तीही त्यातल्या निम्म्या गोष्टी बदलून, हेही खरे. फुल सस्पेन्शन सायकलीला हे कधीच जमले नाही, आणि त्याला फक्त कंपन्यांचा लोभ कारण नाही. २०० मिलिमीटरपर्यंत हालणारे, डिस्क ब्रेक असलेले, स्वाराचे वजन उडीनंतर झेलणारे यंत्र आधी कुणीच बांधलेले नव्हते. मापे चुकली तर बदलावीच लागणार. प्रश्न एवढाच, की प्रत्येक बदल खरोखर लागत होता का. ९ वरून १५ मिलिमीटरचा आस: हो, फोर्क पिळला जाणे थांबले. १४२ वरून १४८: वादाचा मुद्दा आहे.

जे बदल जुन्या फ्रेमवरही करता येतात ते समजून करावेत. ब्रेकची चकती १६० ऐवजी १८० मिलिमीटरची लावली तर त्याच दाबाला ब्रेकचे आघूर्ण साडेबारा टक्क्यांनी वाढते. गणित त्रिज्येचे आहे. मात्र तेवढी चकती चालेल का हे फ्रेम बनवणाऱ्याच्या सूचनेत पाहावे. फोर्क २० मिलिमीटरने लांब लावला तर सुमारे ११५० मिलिमीटर चाकअंतराच्या सायकलचा हेड अँगल जवळपास एक अंशाने ढळतो आणि हेड ट्यूबच्या जोडावरचा ताण वाढतो; अनेक कंपन्या अशा फ्रेमची वॉरंटी मानत नाहीत. मागच्या शॉकचेही तसेच. चाकाची हालचाल १५० मिलिमीटर आणि शॉकचा स्ट्रोक ६० असेल तर सरासरी लिव्हरेज रेशो अडीच. म्हणजे चाकावर ६०० न्यूटन आले तर शॉकवर १५००. डोळे मिटून दुसऱ्या सायकलचा शॉक लावता येत नाही तो यामुळे.

आणि जो बदल सर्वांत स्वस्त आहे तो बहुतेक मालक करत नाहीत. हवेचा दाब असा ठेवायचा, की सायकलवर बसल्यावर मागचा शॉक साधारण २५ ते ३० टक्के दबेल. रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्यांची सफाई आणि तेलबदल दर ५० तासांनी करायला सांगते. सह्याद्रीत किंवा मेघालयात पावसाळ्यात चालवणाऱ्याने तेवढीही वाट पाहू नये. चिखल सीलच्या आत गेला की नळ्यांवर ओरखडे पडतात, आणि मग ज्या नळ्या हव्या त्या बाजारात नसतात.

अलीकडे वाऱ्याची दिशा थोडी बदललेली दिसते. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने मागच्या डिरेलरच्या हँगरसाठी एकच सर्वसामान्य माप जाहीर केले आणि इतर फ्रेम कंपन्यांना ते वापरायला दिले. तोवर जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असे आणि तो मोडला तर आठवडेच्या आठवडे सायकल उभी राही. कंपन्यांनी ते माप भराभर स्वीकारले. २०२३ मध्ये स्रॅमने नवा डिरेलर आणला. तो हँगरवर लागत नाही, हँगर काढून त्याच जागी थेट फ्रेमवर लागतो, आणि ते माप नसलेल्या फ्रेमवर बसत नाही. रॉकशॉक्स २००२ पासून याच स्रॅमच्या मालकीची आहे.